मुक्त सॉफ्टवेअरची निवड : किंमत प्रवेशाची आणि निर्गमनाची



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. परंतु सुरक्षिततेसाठी वेळोवेळी मिळणाऱ्या सुधारणांचा नेहमीचा ओघ आटला. पुढची आवृत्ती ‘विंडोज ११’ ही ठरावीक सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर यांची अट घालते. ज्यांच्या यंत्रात ही सामग्री नाही, त्यांच्यापुढे नवे यंत्र घेणे, जोखीम पत्करून जुन्या प्रणालीवरच राहणे, मर्यादित मुदतीच्या वाढीव आधारावर वेळ काढणे किंवा प्रणालीच बदलणे एवढेच मार्ग उरले. पडदा, कळफलक, स्मृती हे सर्व सुस्थितीत असताना यंत्राचे आयुष्य किती, हे त्याच्या मालकाऐवजी अन्य कोणी ठरवावे, ही बाब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे.

मुक्त सॉफ्टवेअरची चर्चा सहसा ‘ते फुकट मिळते’ या वाक्याने सुरू होते आणि तेथेच संपते. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु सॉफ्टवेअरच्या बाबतीत केवळ खरेदीची किंमत पाहणारा ग्राहक अर्धाच हिशेब मांडत असतो. आत शिरण्यासाठी किती पैसे पडतात याइतकेच, उद्या बाहेर पडायचे ठरवले तर किती पडतील, हेही विचारले पाहिजे. पहिल्या खर्चाला प्रवेशाची किंमत म्हटले, तर दुसऱ्याला निर्गमनाची किंमत म्हणता येईल. मुक्त सॉफ्टवेअरचे आर्थिक महत्त्व मुख्यतः या दुसऱ्या किमतीत आहे.

मुक्त, मोफत आणि स्वदेशी

प्रथम तीन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्रजीत एकाच शब्दाने ‘विनामूल्य’ आणि ‘स्वतंत्र’ असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, त्यामुळे तेथे गोंधळ होतो. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे वेगळे शब्द असल्याने ती अडचण नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. या चळवळीच्या व्याख्येनुसार ज्या सॉफ्टवेअरबाबत वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये मिळतात, ते मुक्त होय. कोणत्याही प्रयोजनासाठी ते चालवणे, त्याची रचना अभ्यासून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे, ही ती चार स्वातंत्र्ये. रचना अभ्यासण्यासाठी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेली मूळ संहिता, उपलब्ध असावी लागते. १९८९ मध्ये आलेल्या ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याने या स्वातंत्र्यांना कायद्याची चौकट दिली. हा परवाना स्वामित्वहक्क नाकारत नाही. उलट स्वामित्वहक्काच्याच आधारे ‘घेतलेले स्वातंत्र्य पुढच्याला द्यावे लागेल’ अशी अट घालतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याची सुरुवात केली आणि ग्नू व लिनक्स यांच्या संयोगातून संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली साकार झाली.

याउलट, एखादी ई-मेल सेवा किंवा ऑनलाइन लेखन-सुविधा विनामूल्य असू शकते. परंतु तिची संहिता बंद असते आणि तिच्या अटी एकतर्फी बदलता येतात. ती मोफत असते, मुक्त नसते. त्याचप्रमाणे भारतीय कंपनीने तयार केलेले सॉफ्टवेअर स्वदेशी असेल, पण त्याची संहिता बंद असेल तर ते मुक्त ठरत नाही. स्वदेशीमुळे पुरवठादार आपल्या कायद्याच्या कक्षेत येतो, हा लाभ खरा आहे. पण त्या एकाच पुरवठादारावरील अवलंबित्व त्यामुळे संपत नाही. परीक्षेतील उत्तरात असो वा कार्यालयातील टिपणीत, या तीन संकल्पनांची सरमिसळ टाळली पाहिजे.

एका विलक्षण वस्तूचे अर्थशास्त्र

सॉफ्टवेअर ही सामान्य वस्तू नाही. पहिली प्रत तयार करण्यास प्रचंड खर्च येतो. दुसऱ्या प्रतीचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. एकाने वापरल्यामुळे दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. या दृष्टीने ती ज्ञानासारखी, म्हणजे सार्वजनिक वस्तूच्या जवळची आहे. तिला बाजारातील खासगी वस्तू बनवण्याचे काम परवाना आणि बंद संहिता करतात.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे जाल-परिणाम. दूरध्वनी जितक्या अधिक लोकांकडे, तितका तो प्रत्येकाला अधिक उपयुक्त. सॉफ्टवेअरचेही तसेच असते. सर्व कार्यालये एकाच प्रकारच्या फाइली पाठवू लागली की नव्या कार्यालयालाही तेच सॉफ्टवेअर घ्यावे लागते. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या ‘क्वर्टी’ कळफलकाच्या उदाहरणावरून आणि ब्रायन आर्थर यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञानांच्या स्पर्धेच्या विश्लेषणातून दाखवून दिले की, बाजार एकदा एका मार्गाने गेला की अधिक चांगला पर्याय असूनही तो त्या मार्गावर अडकून राहू शकतो. कळफलकाबाबतच्या निष्कर्षावर पुढे वादही झाले; परंतु अडकून राहण्याची ही प्रक्रिया संगणकाच्या जगात पावलोपावली आढळते.

येथेच अनधिकृत प्रतींचा प्रश्न येतो. भारतात संगणक प्रोग्रॅमला स्वामित्वहक्क कायदा, १९५७ अन्वये वाङ्मयीन कृतीचा दर्जा आहे. त्याच कायद्याच्या कलम ६३-ख नुसार, अनधिकृत प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणे हा सात दिवस ते तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. तरीही ‘चोरीची प्रत घेतली म्हणजे कंपनीचे नुकसान आणि आपला फायदा’ असा समज रूढ आहे. जाल-परिणाम लक्षात घेतला तर चित्र वेगळे दिसते. चोरीच्या प्रतीवर शिकलेला विद्यार्थी उद्या नोकरीत तेच सॉफ्टवेअर मागतो, त्याच स्वरूपातील फाइली पाठवतो आणि नकळत त्या उत्पादनाचे जाळे विणतो. त्यामुळे चोरीच्या प्रतीचा मोठा फटका बसतो तो मुक्त पर्यायाला. कारण किमतीतील त्याचा उघड लाभच त्यामुळे नाहीसा होतो.

मराठी मजकुराने मोजलेली किंमत

निर्गमनाची किंमत म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावण्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी चिन्हांची ती एक अर्थहीन रांग होती. तो विशिष्ट फाँट यंत्रावर नसेल तर फाइल उघडूनही वाचता येत नसे. अशा मजकुरात शब्द शोधणे, त्याची अकारविल्हे यादी करणे किंवा तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणे दुरापास्त होते. कित्येक मुद्रणालये, दैनिके आणि कार्यालये यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर अशा रीतीने बंदिस्त झाला. फाँटची किंमत केव्हाच फिटली. मजकूर सोडवून घेण्याची किंमत मात्र रूपांतर आणि पुन्हा मुद्रितशोधन या रूपाने नंतर मोजावी लागली.

युनिकोड या खुल्या मानकाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ हे भारतीय लिपींचे मानक स्वीकारले आणि इनस्क्रिप्ट कळफलकालाही त्यात स्थान दिले. म्हणजे मानके होती. उणीव होती ती त्यांना आधार देणाऱ्या साधनांची आणि ती वापरण्याच्या आग्रहाची. पुढे ‘लोहित’सारखे मुक्त परवान्याचे फाँट आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने अनेक भारतीय लिपींतील फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध केले. आज युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी परिच्छेद भ्रमणध्वनी, संगणक आणि मुद्रणालय या तिन्ही ठिकाणी सारखाच वाचता येतो. सॉफ्टवेअर बदलले तरी आशय वापरकर्त्याच्या हाती राहणे, हा खुल्या मानकाचा खरा लाभ होय.

कार्यालयीन दस्तऐवजांसाठी असेच खुले मानक २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ या नावाने ते ओळखले जाते. मायक्रोसॉफ्टने पुरस्कृत केलेले दुसरे स्वरूप आंतरराष्ट्रीय मतदानास आले तेव्हा भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. तथापि २००८ मध्ये तेही मानक म्हणून मान्य झाले.

केरळचा प्रयोग आणि ३,००० कोटींचा अर्थ

भारतात मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वांत व्यापक शालेय प्रयोग केरळमध्ये झाला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचा आरंभ जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे झाला होता. त्याच सुमारास राज्यात ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. माहिती तंत्रज्ञान हा विषय शिकवताना विद्यार्थ्याला संगणकाचे तत्त्व शिकवायचे की एका कंपनीचे उत्पादन, असा वाद तेथे सार्वजनिकरीत्या झडला. त्यानंतर शाळांतील संगणक टप्प्याटप्प्याने ग्नू/लिनक्सवर आणले गेले आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले.

२०१९ मध्ये काइटने उबुंटू या मुक्त कार्यप्रणालीवर आधारित, शिक्षणोपयोगी साधनांसह नवी आवृत्ती तयार केली. शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती बसवल्याने सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला. हा आकडा स्पर्धा परीक्षांच्या टिपणवह्यांत सहज जाऊन बसतो; पण त्याची फोड करणे अधिक उद्बोधक आहे. ३,००० कोटींना दोन लाखांनी भागले तर दर संगणकामागे दीड लाख रुपये येतात. शाळेतील संगणकाच्या स्वतःच्या किमतीहून ही रक्कम कितीतरी मोठी आहे. कार्यप्रणाली, कार्यालयीन लेखन, चित्रकला, ध्वनिसंपादन, भूगोल, गणित अशा सर्व कामांसाठी बंद परवान्यांची साधने घ्यावी लागली असती तर काय पडले असते, असे गृहीत धरल्याशिवाय एवढी रक्कम येऊ शकत नाही. प्रत्यक्षात कोणत्याही राज्याने एवढा खर्च केला नसता. ती साधने विद्यार्थ्यांना मिळालीच नसती, हीच शक्यता अधिक.

म्हणून या आकड्याला तिजोरीत जमा झालेली बचत मानणे चुकीचे ठरेल. तो टळलेल्या खर्चाचा अंदाज आहे आणि टळलेला खर्च नेहमी ‘अन्यथा काय झाले असते’ या गृहीतावर अवलंबून असतो. केरळचा खरा लाभ वेगळा आहे. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तके साधनांशी जुळवली गेली, मल्याळममध्ये वापर शक्य झाला आणि विद्यार्थ्याला शाळेतील सॉफ्टवेअर घरी नेऊन बसवण्याची कायदेशीर मुभा मिळाली. बचतीचा आकडा बाजूला ठेवला तरी ही क्षमता उरते.

युरोपातील दोन वाटा

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणकांचे स्थलांतर पूर्ण झाले आणि एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे नगरपालिकेने जाहीर केले होते. तथापि २०१४ मध्ये नेतृत्व बदलले, गैरसोयींच्या तक्रारींना राजकीय वजन आले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने शक्य तेथे मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे पुन्हा मान्य केले.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने दुसरी वाट चोखाळली. त्यांनी प्रथम, २००५ च्या सुमारास, फक्त कार्यालयीन लेखनाचे सॉफ्टवेअर बदलले. त्यानंतर फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हे ई-मेलचे साधन आणले. २००८ पासून कार्यप्रणाली बदलण्यास हात घातला. तोपर्यंत कर्मचाऱ्यांचे रोजचे काम मुक्त साधनांवरच चालत असल्याने खालची कार्यप्रणाली बदलल्याचा धक्का सौम्य राहिला. पुढील काळात त्या दलातील बहुसंख्य संगणक उबुंटूवर आले.

म्युनिकची कथा अपयशाची आणि जाँदार्मरीची यशाची, असे सोपे वर्गीकरण करण्याचे कारण नाही. तंत्रज्ञान दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. एकीकडे बदलाचे भवितव्य निवडणुकीच्या निकालाबरोबर हेलकावे खात राहिले. दुसरीकडे ते कामकाजाच्या सवयीत मुरले. संस्थात्मक सातत्य आणि बदलाचा क्रम या दोन गोष्टींना सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व असते, हा त्यातील बोध.

भारताचे धोरण

मे २००३ मध्ये पुण्यातील इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी येथे बोलताना तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भारतासारख्या देशाने खुल्या संहितेच्या सॉफ्टवेअरचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार करावा, असे आग्रहाने प्रतिपादन केले होते. त्यानंतर सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स-आधारित कार्यप्रणाली विकसित करून २००७ मध्ये प्रसृत केली. २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आले. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण अधिसूचित केले. त्यानुसार ई-प्रशासनाच्या प्रकल्पांत मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावयाचे असून, ते वगळायचे असल्यास पुरवठादाराने त्याचे समर्थन द्यावे लागते. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित ‘माया’ ही कार्यप्रणाली स्वीकारत असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

बौद्धिक संपदेच्या बाजूनेही एक तरतूद महत्त्वाची आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(ट), म्हणजेच इंग्रजी पाठातील ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही मर्यादा शिथिल करू पाहिली होती. २००५ च्या दुरुस्ती कायद्यात संसदेने तो बदल स्वीकारला नाही. स्वतंत्रपणे संहिता लिहिणाऱ्या लहान उद्योगाला यामुळे मोकळीक राहिली.

अवलंबित्वाचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही, हे जुलै २०२५ मध्ये प्रकर्षाने दिसले. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबवण्यात आल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. भारतात नोंदलेल्या कंपनीची ई-मेल व्यवस्था परदेशातील निर्णयामुळे बंद पडू शकते, ही बाब त्यातून उघड झाली. येथे निर्गमनाची किंमत रुपयांत मोजता येत नाही. ती निर्णयस्वातंत्र्यात मोजावी लागते.

हिशेब कसा मांडावा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात ३० संगणक आहेत. बंद परवान्याच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क दर संगणकास ५,००० रुपये मानले तर वर्षाला दीड लाख रुपये लागतील. मुक्त पर्यायासाठी प्रशिक्षण आणि जुन्या फाइलींचे रूपांतर यांवर एकदाच अडीच लाख, तसेच देखभालीसाठी दरवर्षी ६० हजार रुपये लागतील असे धरू. पहिल्या वर्षी बंद पर्यायाचा खर्च दीड लाख, तर मुक्त पर्यायाचा ३ लाख १० हजार. केवळ एका वर्षाचे अंदाजपत्रक पाहणारा लेखापाल मुक्त पर्याय महाग ठरवील. तिसऱ्या वर्षाअखेर मात्र एकूण खर्च अनुक्रमे ४ लाख ५० हजार आणि ४ लाख ३० हजार होतो. पाचव्या वर्षाअखेर तो ७ लाख ५० हजार आणि ५ लाख ५० हजार होतो.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, मुक्त सॉफ्टवेअरचाही खर्च असतो; तो परवान्यावर न होता माणसांच्या कौशल्यावर होतो आणि बहुधा स्थानिक पातळीवरच खर्ची पडतो. दुसरी, पाच वर्षांनी बंद पर्याय सोडायचे ठरवल्यास रूपांतराचा खर्च चुकत नाही. उलट तोवर फाइली वाढलेल्या असल्याने तो वाढलेला असतो. हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. शुल्क कमी असेल किंवा प्रशिक्षणाचा खर्च अधिक असेल तर समतोलाचा बिंदू पुढे सरकेल. प्रत्येक संस्थेने आपापले आकडे घालून हिशेब करावा.

मर्यादांची दखल

मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त साधनातील ‘हार्टब्लीड’ दोषाने जगभरातील संकेतस्थळे धोक्यात आली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा मुक्त प्रकल्पात हेतुपुरस्सर पेरलेली चोरवाट उघडकीस आली. लॉगिनला होणारा किंचित विलंब एका अभियंत्याच्या लक्षात आला आणि त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला. संहिता खुली असल्याने हा शोध शक्य झाला, हे खरे. पण जगभर वापरले जाणारे ते साधन प्रामुख्याने एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर उभे होते, हेही तितकेच खरे. सार्वजनिक वस्तूचा लाभ सर्व घेतात आणि खर्च कोणीच उचलत नाही, ही अर्थशास्त्रातील जुनी ‘फुकट्या स्वारा’ची समस्या येथेही आहे. मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शासनाने आणि उद्योगाने त्याच्या देखभालीचा वाटा उचलला नाही तर हा पाया ठिसूळ राहील.

दैनंदिन अडचणीही आहेत. प्रचलित लेखा-सॉफ्टवेअर, मुद्रण व्यवसायातील ठरलेली साधने, काही अंकीय स्वाक्षरी उपकरणे यांचा मुक्त कार्यप्रणालीशी मेळ नेहमीच बसत नाही. एका सॉफ्टवेअरमध्ये केलेला तक्ता दुसऱ्यात उघडताना विस्कटतो. ज्या कामाला समर्थ मुक्त पर्याय नाही, तेथे बंद परवान्याचे साधन रीतसर खरेदी करून वापरणे हेच योग्य.

निवडीचा क्रम

या सर्व विवेचनातून विद्यार्थी, शिक्षक आणि लहान कार्यालय यांच्यासाठी एक व्यवहार्य क्रम निघतो.

प्रथम आशय मोकळा करावा. मराठी लेखन युनिकोडमध्येच करावे. स्वतःच्या मूळ फाइली खुल्या स्वरूपात जपाव्यात. इतरांना केवळ वाचण्यासाठी द्यायचे असेल तेव्हा पीडीएफ पाठवावी. या पायरीला एक पैसाही लागत नाही आणि निर्गमनाची किंमत सर्वाधिक घटते ती याच पायरीवर.

त्यानंतर साधने बदलावीत. कार्यप्रणाली तूर्त तीच असली तरी चालेल. लेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी लिबरऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, दृक्‌श्राव्य फाइलींसाठी व्हीएलसी, छायाचित्रांसाठी गिम्प, रेखाचित्रांसाठी इंकस्केप ही साधने विंडोजवरही चालतात. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आर’ ही संगणकभाषा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेली ही भाषा १९९५ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून आज जगभरच्या संशोधनात वापरली जाते. नकाशांवर आधारित अभ्यासासाठी क्यूजीआयएस आहे. छोट्या उद्योगांच्या व्यवस्थापनासाठी मुंबईत विकसित झालेले ईआरपीनेक्स्ट आहे. ही साधने शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आहेत.

कार्यप्रणाली सर्वांत शेवटी बदलावी. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरून, यंत्रावर काहीही न बसवता चालवून पाहता येतात. छपाईयंत्र, इंटरनेट आणि मराठी कळफलक चालतो की नाही, याची खातरजमा करून, महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवूनच पुढे जावे. ज्या जुन्या यंत्रांना नव्या बंद प्रणालीचे दार बंद झाले आहे, ती हलक्या लिनक्सवर आणखी काही वर्षे काम देऊ शकतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांचा भर कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणावर आहे. परंतु कचरा लांबणीवर टाकणे हे त्याच्या पुनर्चक्रीकरणाहून स्वस्त, हे सांगण्यास नियमाची गरज नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची निवड ही एखाद्या कंपनीच्या विरोधातील भूमिका नव्हे आणि काटकसरीची युक्तीही नव्हे. पुरवठादार बदलण्याचा हक्क ग्राहकाकडे राहिला तरच स्पर्धा टिकते, हे बाजाराचे मूलभूत तत्त्व आहे. मुक्त सॉफ्टवेअर ते संगणकाच्या क्षेत्रात शाबूत ठेवते. विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या तहसील कार्यालयांत, जिल्हा परिषदांत, बँकांत आणि मंत्रालयांत खरेदीच्या प्रस्तावांवर टिपणी लिहितील. त्या प्रस्तावात किमतीचा एक रकाना असतोच. त्याच्या शेजारी ‘सोडायचे झाल्यास किती खर्च’ असा दुसरा रकाना आखून तो भरल्याशिवाय सही न करणे, एवढी शिस्त जरी प्रशासनात रुजली तरी सार्वजनिक पैशाचे मोठे हित साधेल.